न हलणारा कॅमेरा

प्रिय ताई,

पाया पडतो. मी इकडे धडधाकट आहे. भाचीला दात आला का?

दाजींना सांग, कॅमेरा घेतला. पण त्यांनी सुचवलेला, लांबचं जवळ दाखवणारा, नाही घेतला. त्यात टेकडीवरची पाखरं मोठी दिसत होती, पण सगळी नाचत होती.

दुकानदार म्हणाला, "कॅमेरा ठीक आहे भाऊ, जरा घट्ट धरा."

मी म्हटलं, "दिवसभर रस्ता फोडायचं मशीन धरतो, आणखी किती घट्ट धरू?"

तो हसला आणि आतून दुसरा घेऊन आला. हा लहान आहे, चित्र जरा फिकं येतं. पण हात कितीही हलला तरी चित्र हलत नाही, आतल्या आत सांभाळून घेतो. भिजला तरी चालतो. तोच घेतला.

मुकादम म्हणतो, मशीन सोडलं की थरथर जाते. सुट्टीत सोडलं होतं, फारशी गेली नाही. बाकी काम चांगलं आहे, जेवण वेळेवर मिळतं.

मागे मोबाईलवर टेकडीचा व्हिडिओ पाठवला तेव्हा आईनं विचारलं होतं, "हात का कापतोय रे?" मी वाऱ्यावर ढकललं. आता तीच टेकडी ह्या कॅमेऱ्यानं चालत चालत घेतली आहे, पाठवतो. तिला शेजारी बसवून दाखव. म्हणावं, बघ, हात किती स्थिर आहे त्याचा.

हे पत्र मात्र तिच्या हाती देऊ नकोस. अक्षर बघून ओळखेल.

तुझा धाकटा भाऊ