जहाज मिळालं का त्याला?

शारजा, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

सुनीलने आज दोनदा चहा गार केला. कारण गार्गीचा शाळेचा प्रोजेक्ट! दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्यावर. बिचारा वीस वर्षं लेफ्टनंटच. वरचे हलेनात, स्वतःचं जहाज मिळेना. हे ऐकलं मात्र, बाप लेकीशेजारी ठाण मांडून बसला. हाही हमरिया बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, अकरा वर्षं कॅप्टनच्या हाताखालीच ना!

दर पाच मिनिटांनी, "मिळालं का जहाज त्याला?"

"वेट ना, पप्पा! आय ॲम ओन्ली ऑन पेज फोर."

शेवटी म्हणाली, "येस पप्पा. ही गॉट हिज शिप."

सुनीलने चक्क टाळी वाजवली. "बघ! उशीर होतो, पण मिळतं." आणि खुशीत शावरमा आणायला खाली गेला.

मला राहवेना. पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. कुठलं जहाज? लेफ्टनंट म्हणूनच वारला. पप्पांचं इंग्रजी दिवसातून दहादा सुधारणारी ही पोर, आणि एवढी थाप?

तिने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, दप्तराच्या तळाशी घातलं. मग चक्क मराठीत म्हणाली, "प्रोजेक्टमध्ये खरं लिहिते, आई. घरी नको."