पाण्यानं सोडलेली भिंत

२६ सप्टेंबर
पाणी उतरलं. आसरा घेतला होता त्या शाळेच्या वर्गातून घराकडे गेलो. सिंदफणा नदीनं आमची गल्ली आजवर कधी पाहिली नव्हती, या वेळी घरात शिरून पाहून गेली. डोक्यावरचं मातीचं माळवद खाली बसलंय. तीन भिंती त्याच्याबरोबर गेल्या. पूर्वेची तेवढी उभी. तिच्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो जागच्या जागी. चिखलाची रेघ कोनाड्याच्या वीतभर खाली थांबलेली.
कौसल्या गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणाली, “माझी भिंत हाय.” ती रडली नाही. मला रडू आलं, मी तोंड फिरवलं.

२८ सप्टेंबर
तलाठ्याचा निरोप : पंचनामा होईपर्यंत मलबा हलवू नका. कधी येणार? येतील. कणगीतल्या ज्वारीला मोड आलेत, वास सुटलाय, तीही उपसायची नाही. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली. बंद पडलेल्या गाडीपाशी बसून मेकॅनिकची वाट पाहायची सवय आहे. पण तिथं निदान मेकॅनिक यायचा.
चुलतभाऊ सुदामनं त्याच्या पत्र्याच्या खोलीतली अर्धी जागा दिली. शाळेतून तिकडं आलो. शाळेपेक्षा बरं.

२ ऑक्टोबर
विजयादशमी. दरवर्षी विहारात वंदना होते, पण विहारात अजून चिखल. कौ. म्हणाली, आपल्या भिंतीपुढं घेऊ. गल्लीतली सगळी आली. मातीच्या ढिगावर पांढरी लुगडी, पांढरे सदरे. वर छप्पर नाही, समोर एक भिंत. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
ही भिंत कौ. आणि माझ्या आईनं बांधली, लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात. दगड नदीतून डोक्यावर आणले, पांढऱ्या मातीत भुसा घालून पायांनी तुडवला. बाकीच्या भिंती नंतर गवंड्याच्या. मी तेव्हा आष्टीच्या गाडीवर, मुक्कामी. घरी आलो तेव्हा कोनाड्यात दिवा लागलेला होता. एक दगडसुद्धा मी उचलला नव्हता.

७ ऑक्टोबर
पंचनामा झाला एकदाचा. तलाठी पोरगेलासा आहे, तोंडानं गोड. घर कौ.च्या नावावर, म्हणून फोटोत ती हवी. तिला भिंतीशेजारी उभं केलं. तिनं आपसूक भिंतीवर हात ठेवला. मोबाईलवर फोटो निघाला.
“काका, अंशतः बसतंय.”
मी म्हटलं, यात राहून दाखव.
“तसं न्हाई काका. एक भिंत उभी हाय न्हवं? पूर्ण पडलं कसं लिवू मी?”
कौ. म्हणाली, “मग भिंतीवर झोपावं का आमी?” तो हसला. आम्ही हसलो नाही.
सरपंचाच्या मेहुण्याचा गोठा मात्र ‘पूर्णतः’. गोठ्यात गेल्या पोळ्यापासून जनावर नाही.
अंशतःमध्ये पत्रे येतील फार तर. घर नाही. दिवाळीच्या आत घर उभं करून देतो असं मी कौ.ला म्हणालोय. कुणी सांगितलं होतं बोलायला?

८ ऑक्टोबर
मदतीच्या पिशव्या आल्या. पिशवीवर आमदारसाहेबांचा हसरा फोटो, आत तांदूळ नि तेल. वरच्या आळीला आधी वाटल्या, तिथं पाणी गेलंच नव्हतं. आम्हाला मिळालेली पिशवी फाटकी.

१४ ऑक्टोबर
तालुक्याला गेलतो. अर्ज दिला, पोच घेतली. खिडकीवरची बाई म्हणाली फेरपंचनामा होऊ शकतो, पण आदेश वरून यायला हवा. वरून म्हणजे कुठून, तिलाही ठाऊक नाही. बिचारी सकाळपासून शिव्या खात होती. मीही दोन दिल्या. परत येताना वाईट वाटलं.

१७ ऑक्टोबर
सुदाम चहा पिताना म्हणाला, “दादा, तुमी लई साधे. फेरपंचनाम्याला आले तवा भिंतच नसली तर?”
म्हटलं, म्हणजे?
“म्हंजी काय, तीन पडल्या तशी चौथी. कोन बघायलंय? पूर्ण मदत घ्या, पक्कं घर बांधा, वैनीला विटंची भिंत द्या.”
तलाठ्याला आडून विचारलं. “पुन्हा पाऊस झाला, भिंत पडली, तर तसं दिसंल,” म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याचं हो धरलं.

१८ ऑक्टोबर
कौ.जवळ विषय काढला. ती भाकरी थापत होती, थांबली.
“पान्यानं न्हाई पाडली ती. तुमी पाडताव?”
मी बरंच बोललो. पक्कं घर, स्लॅब, फरशी, म्हातारपण. तिनं एवढंच विचारलं, “आन् त्यांनी न्हाई दिलं तर?” मी चिडलो. तिचं बरोबर असलं की मी चिडतो.

२२ ऑक्टोबर
दिवाळी गेली. कौ.ला नि सुदामच्या बायकोला लुगडी, तीही सुदामनंच आणली. मदत नाही. कौ.च्या उमापूरच्या बहिणीची सून बाळंत झाली, कौ. मदतीला गेली. आठवडाभर राहीन म्हणाली. जाताना भिंतीपाशी गेली, कोनाडा पदरानं पुसला.

२५ ऑक्टोबर
पाडली.
मूर्ती नि फोटो आधी काढून टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवले. सुदाम नि मी, दोन पहारी. वाटलं होतं तासाभराचं काम. दुपार झाली तरी निम्मी उभीच. दगड दगडाला सोडेना. सुदाम म्हणाला, “वैनीनं काय शिमीट घातलं का काय यात?” गिलाव्याचा एक पापुद्रा सुटला, त्याच्या आतल्या मातीत बोटांचे ठसे. बारीक बोटं. तेव्हाची ती.
मी पहार खाली ठेवली. सुदाम म्हणाला आता थांबून काय उपयोग. खरंच होतं. पुन्हा उचलली.

२७ ऑक्टोबर
तलाठ्याला फोन. भिंत पडली म्हटलं.
“पाऊस कुटं झाला काका?”
तो म्हणाला, पंचनाम्याचा फोटो ॲपमध्ये गेला, तारखेसकट, जागेसकट. त्यात भिंत आहे. नंतर पडली ती अतिवृष्टीत धरता येत नाही. “तुमी मला आधी कावून नाही विचारलं?”
विचारलं होतं. ‘तसं दिसंल’ म्हणाला होता.
मग म्हटलं, तो फोटो तरी पाठव, तिचा नि भिंतीचा. म्हणाला, “निघत न्हाई काका, ॲपमधून परत.”

३० ऑक्टोबर
कौ. आली. एसटीतून उतरून सरळ तिकडंच गेली. मी पाठोपाठ. तिनं पाहिलं. दगडावर बसली. मी म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, “मूर्ती कुटं हाय?” पेटीतून आणून दिली. मांडीवर घेऊन बसली. सांज होईपर्यंत तिथून उठली नाही, आणि मला जाही म्हणाली नाही, बसाही नाही.

६ नोव्हेंबर
सुदाम नि बायको ऊसतोडीला कारखान्यावर गेले. त्याचीही मदत अडकली, अंगठा लावायला तो इथं हवा म्हणे. तो तिकडं कोयता धरणार की अंगठा लावायला येणार? खोली आता सगळी आमची. सुदामला दोष देणार नाही. पहार माझ्या हातात होती.
कौ. कामापुरतं बोलते. जेवायला या. पाणी आलंय. त्यापेक्षा भांडली असती तर.

१२ नोव्हेंबर
अंशतःची मदत कौ.च्या खात्यात आली. पत्र्यांपुरती. बँकेतून येताना ती म्हणाली, पत्रे भिंतीवर टाकतात. रस्ताभर मी हेच घोळवत राहिलो.

१५ नोव्हेंबर
सकाळी ती खोलीत नव्हती. पाहतो तर ढिगाऱ्यात बसून दगड निवडतेय. मोठे एकीकडे, चपटे एकीकडे. सगळे तिला ओळखू येत होते असं वाटलं, तिच्या हातावरून. मी तिथंच उभा. हातातला दगड ठेवत म्हणाली, “उभं राहून काय बघायलाव? माती भिजवा.”

१८ नोव्हेंबर
चिखल तुडवतोय. पाय भेगाळले. “भुसा कमी पडला,” “अजून तुडवा,” एवढंच ऐकतो दिवसभर. आज तिनं ओळंबा माझ्या हातात दिला नि म्हणाली, “डायवरसाब, सरळ हाय का बघा.” डायवरसाब म्हणजे लग्नाच्या नव्या दिवसांतलं. सरळ होती, तरी मी ओळंबा धरून पुन्हा एकदा बघितलं.

२४ नोव्हेंबर
भिंत गुडघ्याच्या वर. जाणारे-येणारे थांबतात, म्हातारपणी हे काय म्हणतात. कौ. म्हणते, डिसेंबरात कोनाडा, मग समोर खांब रोवून पत्रे. तेवढ्यात थंडी निभेल.

३० नोव्हेंबर
भिंत कमरेला आली.
अकराच्या सुमाराला तलाठ्याचा फोन. मी चिखलातून बाजूला झालो. आवाजात खरा आनंद होता त्याच्या. “काका, तुमचा अर्ज वर मंजूर झाला. फेरपंचनाम्याचं पथक मंगळवारी येतंय, नवीन फोटो धरनार हायेत. पूर्णतः होऊन जाईल. फक्त जागा हाय तशी ठिवा. काईबी उभं दिसू देऊ नका.”
उभं दिसलं तर?
“मग पुन्हा अंशतः काका, काय करनार.”
कौ.ची पाठ माझ्याकडे होती. कोपर चिखलानं माखलेलं. न वळता विचारलं, “कोन होतं?”
“डेपोतला,” म्हणालो.
“बरं. तो चपटा दगड द्या इकडं.”
दिला. तिनं तो बसवला, हातानं दाबला, आणि दुसऱ्यासाठी हात मागं केला. तोही दिला. मग तिसरा. अजून सांगितलेलं नाही. मंगळवार परवा आहे, आणि कोनाड्याची जागा उद्याच धरायची म्हणते.