नवसूकाकांच्या बांधाचं भोक

टोकावडे,
९ सप्टेंबर २०२५

चि. राही हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर माझा आवाज चढला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. हे तरी पूर्ण वाच.

कल्याणच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर कुणीतरी परदेशातून बंद पाडले, तेव्हापासून आईचे कॅन्सरचे शेक थांबलेत. कुणाला कुठे किती शेक द्यायचा, ते सगळं त्यातच अडकलंय. डॉक्टर म्हणाले, असा खंड पडला तर गाठ पुन्हा वाढेल. रोज पहाटेच्या एसटीने जातो आणि हात हलवत परत येतो.

आणि काल पेपरात तुमच्या दिल्लीच्या संस्थेचं म्हणणं आलं, खाली तुझं नाव. असे सायबर हल्ले म्हणे ‘युद्धाच्या पातळीखालचे’. मोठे देश संयम ठेवतात म्हणून जग स्थिर आहे. राही, त्या पातळीखाली आपली आई आहे. लाज वाटली मला. आई म्हणते, पोरीला काय बोलू नको रे, तिची नोकरी हाय. मी बोलणार.

उत्तर लगेच दे. रागावलेला, तरी तुझाच,
जीवनदादा

नवी दिल्ली,
१५ सप्टेंबर

ती. जीवनदादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग चिडले. तुझ्यावरही.

पेपरात आलं ते माझं अर्धंच लिखाण. खोडलेला परिच्छेद असा होता: सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरांत सारखीच भोकं असतात, प्रोग्रॅममधल्या चुकांची. मोठ्या देशांच्या हेरखात्यांना ती सापडतात, पण बुजवायला कुणाला सांगत नाहीत. शत्रूकडे शिरायला राखून ठेवतात. मग तीच चोरांच्या हाती लागतात. आईच्या दवाखान्यात चोर असेच शिरले. साहेब म्हणाले, हे छापलं तर त्या देशांच्या पुढच्या बैठकीला आपल्याला कोण बोलावणार? मी गप्प बसले, त्याचा संताप आहे मला.

पण तू कोणत्या तोंडाने ओरडतोस? आईने सांगितलंय मला. खेकड्याने पाडलेलं भोक दिसलं की बांध कुणाचाही असो, पायाने चिखल दाबूनच पुढे जायचं, ही आपल्याकडची रीत. नवसूकाकांशी तुझं वाटेवरून भांडण, म्हणून त्यांच्या बांधाचं भोक बघून तसाच पुढे गेलास. फुटू दे म्हणालास. त्यांच्या खाली कुणाचं भाताचं खाचर आहे रे? आपलंच ना?

माया कमी करू नकोस, पण शिव्या पत्ता बघून देत जा.
तुझी,
राही

टोकावडे,
२२ सप्टेंबर

चि. राही हिस,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून तसाच शेतावर गेलो. भोक चांगलंच वाढलं होतं. दगड घातला, वर चिखल दाबला. नवसूकाका बघत उभे होते. वाटेचं भांडण मी सोडलेलं नाही, त्यांनीही नाही. पण निघताना त्यांनी आईचे शेक सुरू झाले का, ते विचारलं. नाय अजून, म्हणालो.

माझ्या वाटचं झालं. आता तो परिच्छेद तू स्वतःच्या नावाने छाप. नोकरी गेली तर कापणीला ये, इथे माणसं मिळत नाहीत.

हे आईला वाचून दाखवलं. वाटलं, नोकरीवरून मलाच ओरडेल. तर म्हणाली, माझं नाव घालून लिही म्हणावं.

लोभ आहेच, तो सांगायला नको.
जीवनदादा