दोरीचे दोन हिसके

होडीत बसून माझी दोरी सांभाळणाऱ्या तेरेमोआनास,

तुझा पाणबुड्या ऑकलंडमध्ये कोरडा आणि ठणठणीत आहे.

काल मूत्रपिंडातल्या गाठीचा एमआरआय झाला. गाठीतलं पाणी किती मोकळं फिरतंय, ते यंत्र आकड्यात मोजतं. कोंडलेलं असेल तर गाठ वाईट. आपल्या खाडीतही पाणी अडलं की शिंपले मरतातच ना.

यंत्रात सरकवताना ते चालवणाऱ्या लोसा नावाच्या मुलीने हातात रबरी फुगा दिला. बुडी मारल्यावर ‘मी ठीक आहे’ म्हणून तुला दोन हिसके देतो, तसा सवयीने तो दोनदा दाबला. यंत्र बंद, सगळे धावत आले.

“काका, फुगा दाबायचा तो बाहेर काढा म्हणायला,” दोरीचं सांगितल्यावर ती म्हणाली. “बरं असाल तर गप पडून राहा. इथे मोती नाहीत.”

डॉक्टरांच्या मते आकडा बरा आहे, गाठ सावकाश वाढणारी दिसते. खात्री मात्र ती काढल्यावरच.

आपल्या छोट्या मेहाऊचा खोकला थांबला का? माझ्या वाटणीचा मासा खारवून ठेव.

आणखी एक. नंतर मी फुगा पुन्हा दाबला होता. तेव्हा सवयीने नाही. हे मेहाऊला सांगू नकोस.

वर येतोच आहे, दोरी धरून ठेव.

तुझा,
तांगी