हर्निया नव्हता

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता तुमच्यावर चिडलोय. तोंडावर बोलायची सोय उरली नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात माझी लघवी पूर्ण अडली. आईला घेऊन इस्पितळात गेलो. सर्जनने तपासून विचारलं, "बचपन में कोई ऑपरेशन हुआ था?" मी लगेच म्हणालो, "हर्निया का." तुम्ही कायम तेच सांगायचात. मी इतर मुलांसारखा का नाही, असं विचारलं तेव्हाही म्हणालात, हर्नियात तसंच करतात. सर्जन हसला. "भाई, हर्निया का टाँका यहाँ नहीं लगता. आपका खतना हुआ है." मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग बाहेरच्या बाकावर तिने सांगितलं. मी आठ महिन्यांचा असताना पुढची कातडी सुजून लघवी थांबली होती, म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी सुंता केली. ते ठीकच केलं. पट्टी बदलायला बरखेड्यातल्या आपल्या कारखान्याच्या टाउनशिपच्या दवाखान्यात रोज न्या, पुढे लघवीचं छिद्र तपासून घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. तुम्ही एकदाही नेलं नाहीत. कारण तिथला कंपाउंडर आपल्याच क्वार्टरांच्या लाइनीत राहायचा. "उद्या अख्ख्या बरखेड्यात बोभाटा होईल, पोराला मुसलमान केलं म्हणून," असं तुम्ही आईला म्हणालात. मागच्या लाइनीतल्या मुसलमान घरांत सुंता झाली की मुलाला हार घालून मिठाई वाटायचे, आणि तुम्ही माझी पट्टी दार लावून स्वतः ओढून काढलीत. जखम चिघळली. भरताना छिद्राचं तोंड आक्रसलं.

पुढे आग व्हायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी द्या. शाळेच्या मुतारीत मी भिंतीला हात टेकून जोर लावतोय, थेंब थेंब येतंय, आणि बाहेर पोरं दारावर लाथा मारतायत, "अबे, नहर खोद रहा है क्या?" नववीत मी शाळा सोडली. तुम्ही ओरडलात, "अभ्यास टाळायला मुतारीत लपतोस, लाज नाही वाटत?" लाज तुमची होती, बाबा. मी फक्त ती सोसली.

कारखान्यात तुम्ही दिवसभर नळ्यांना दाब देऊन तपासायचात. तोंड अरुंद झालं की मागे काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं होतं का? माझी एक किडनी त्या दाबाने अर्धी निकामी झालीय. आणि छिद्र मोठं करायचं ऑपरेशन इतकं किरकोळ, की आईचा चहा संपायच्या आत मी बाहेर आलो.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. फक्त एक सांगतो. लघवीची नळी काढल्यावर घरी पहिल्यांदा सरळ धार आली, न दुखता, आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. त्या क्षणी मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली.