चार नंबरचा रस्ता

महादेवपुरा, बेंगळुरू
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय स्वानंदी,

आशीर्वाद. इकडे ठीक. तुझ्या आईची तब्येत बरी असावी. अण्णांच्या डायरीत तुमचा हुबळीचा पत्ता सापडला, फोन नंबर नव्हता, म्हणून पत्र.

अण्णांच्या तेराव्याला तू विचारलं होतंस, "बाबा फोनवर सांगायचे, चार नंबरला लागलो, संध्याकाळपर्यंत पोचतो. मग येताना पाट्यांवर सगळीकडे अठ्ठेचाळीस कसा?" तेवढ्यात पानं वाढली आणि उत्तर राहिलं. रस्त्यांच्या पाट्या आखणं हेच माझं काम आहे.

रस्ता तोच आहे. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडे असले तर ती शाखा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. दाबसपेटला ६४८ लागतो, तो अठ्ठेचाळीसचा. अण्णा शेवटपर्यंत चारच म्हणत. आम्हाला ते सांगत, कंपनीच्या कामाला जातो.

ऑफिसात सध्या एका नव्या द्रुतगती मार्गाच्या पाट्या चालू आहेत. बाहेर पडायच्या फाट्यांना एक, दोन, तीन असे नंबर द्यावेत, असं साहेबांचं मत. मी विरोध केला. उद्या दोन आणि तीनच्या मध्ये फाटा निघाला, तर त्याला दोन-अ म्हणावं लागतं. किलोमीटरप्रमाणे नंबर दिले, तर प्रत्येक फाटा आपल्या अंतरावर असतो. साहेब म्हणाले, मध्ये कोण येणार आहे? मी अर्धा तास बोलले. त्यांनी मानलं.

त्याच दुपारी मी इथल्या तहसील कचेरीत अण्णांच्या वारसांचा अर्ज दिला. एक, अश्लेषा. दोन, ईशान. खाली छापलेलं होतं, याखेरीज अन्य वारस नाही. मी सही केली.

तुला विसरले नव्हते. तेराव्याला शेषगिरीकाकांनी ही कोण म्हणून विचारलं, तेव्हा अण्णांच्या ऑफिसातली, असं मीच सांगितलं. तू ऐकलंस. जेवलीस आणि गेलीस.

काल अर्ज मागे घेतला. ईशान म्हणाला, "अक्का, तिनं काही मागितलंय का?"

"नाही. तिनं रस्त्याचा नंबर विचारला."

तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. धाकटा आहे, पण हट्टी.

नव्या अर्जात जन्मसालाप्रमाणे तू दुसरी आहेस, तो तिसरा. तुझं साल मी अंदाजानं धरलं. मी चौथीत होते, आणि त्या दिवाळीला अण्णा घरी नव्हते. चुकलं असेल तर दुरुस्त करू.

सोमवारी, २५ तारखेला, जन्मदाखला घेऊन ये. अकराच्या आत कचेरीत पोच, नंतर रांग वाढते. दाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा मोकळी असली तरी ये. शपथपत्र मी करणार आहे.

तुझी थोरली बहीण,
अश्लेषा