जर्मलचं पिंप

४ मार्च
सासूनं, आत्याबाईनं, मोठं जर्मलचं पिंप धाकटीला दिलं! शीतलला! एकवीस वर्षं मी घासलं ते — आन दिलं कुणाला, तर काल घरात आलेल्या जावेला. "तुझ्याकडं लोखंडाची कोठी हाये की," म्हणे. हाये! गंजलेली.

६ मार्च
शीतल दिवसभर ओट्यावर बसून पिंप वाळूनं घासून राह्यली. आतून, बाहेरून, पार चांदीवानी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणूनच!
मोनिका म्हणती, "आई, काकूला घासायला हात लावू का?"
म्हणले, तुझं लगीन दोन महिन्यावर आलंय, हाताला फोड आणू नको.

११ मार्च
शीतलनं पिंपात भरायला नवा गहू काढला. आत्याबाईनं पाऱ्याची जुनी शिशी काढली. पारा राखेत मळायचा, गोळ्या गव्हात टाकायच्या, कीड लागत न्हाई — त्यांची रीत. पर ते मातीच्या कणगीत चालतं. माहेरी टेंभुर्णीला माझ्या आईनं जर्मलच्या डब्यात टाकल्या होत्या. आठ दिवसांत डब्याची चाळणी!
शीतलनं इचारलं बी, "जाऊबाई, तळाला टाकू का वरून?"
"तळाला," म्हणले.

१२ मार्च
सांगावं का? तिच्या नवऱ्यानं आज तिला साडी आणली. न्हाई सांगत.

१५ मार्च
पिंपाच्या बुडाला पांढरं उगवलं — कापसावानी! पुसलं की परत येतं. हात लावला तर गरम. आत्याबाई म्हणती, कुणी तरी करणी केली. मला आतून लई बरं वाटलं. खरं ते लिहिते.
शेजारचे साहेबराव मास्तर बघून गेले. म्हणले, "जर्मलवर, म्हंजी अल्युमिनियमवर, सायीवानी पातळ थर असतो, तोच त्याला राखतो. तुम्ही वाळूनं साय खरवडली, पारा आत शिरला. आता हवा लागंल तसं भांडं झडत जाणार. विमानात पारा नेऊ देत न्हाईत ते ह्याच्यामुळंच. लोखंडाला काही झालं नसतं." आन गहू कोंबड्यालाबी घालू नका म्हणले, इख हाये.
लोखंडाला काही झालं नसतं! म्हंजी माझी गंजकी कोठीच बरी. हसू आलं.
शीतल लई रडली. एका पिंपासाठी इतकं कोण रडतं?

१७ मार्च
पिंप टाकून द्यायला उपडं केलं. बुडावर नाव घातलेलं, नवंच. "चि. मोनि—" पुढं भोक. खाली, "काकूकडून."
शीतल म्हणली, "लेकीला रिकामं भांडं देऊ नये, म्हणून गहू भरल्ता, जाऊबाई. आपल्याला काय ठाऊक, पारा असा खातो!"
आपल्याला, म्हणली.